प्रस्तुत संशोधक पळत नाही

१० फेब्रुवारी

हेमचंद्र सरांनी एम.ए.चा लघुप्रबंध परत दिला. विषय — कॉलेजच्या मुलांच्या इंग्रजी निबंधांतली औपचारिक आणि अनौपचारिक भाषा. सगळे 'आय' लाल पेनने कापलेत. "संशोधनात 'मी' नसतो, सुमैरा. 'प्रस्तुत संशोधक' लिही." बरं! मग निबंध गोळा करायला पारनेरला कोण गेलं होतं — सरांचे पिताश्री?

घरी सांगितलं. अम्मी म्हणाली, "चलो प्रस्तुत संशोधक, बर्तनां घास लो!"

१४ फेब्रुवारी

पारनेरच्या सविताने निबंधात लिहिलंय — 'बस नॉट स्टॉपिंग. आय रनिंग अँड रनिंग, व्हॉट टू डू!' निबंध घेऊन परतताना तिच्याबरोबर मीही एसटीमागे पळाले होते. चप्पल तुटली. तेही प्रबंधात लिहिलं होतं. सर म्हणाले, "हे फारच घरगुती. असं लिही — अनियमित वाहतुकीचा उपस्थितीवर परिणाम होतो." लिहिलं. काय ती भारदस्त भाषा! सविता गेली, एसटी गेली, माझी चप्पलही गेली. फार राग येतोय.

२ एप्रिल

कॉलेजच्या एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा निकाल — माझा प्रबंध बहुतेक मशीनने लिहिलाय! आणि सर माझ्याकडेच संशयाने बघतात. "थोडं बिघडव. चार-पाच 'आय' टाक." भाजीवर कोथिंबीर टाकावी तसे!

सोमवारी व्हायवा. नापास झाले तर श्रीरामपूरच्या शाळेत ठरलेली नोकरी गेली. भीती वाटते.

३ एप्रिल

चार-पाच नाही. सगळे परत घातले. चप्पलसुद्धा.

६ एप्रिल

बाहेरून आलेल्या परीक्षक सत्यशीला मॅडमनी नेमकं सविताचंच पान काढलं. "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" माझं पाठ केलेलं इंग्रजी कुठल्या कुठे! तोंडातून निघालं — "मॅडम, आय ऑल्सो रनिंग!" मॅडम खळखळून हसल्या. सर पंख्याकडे बघत होते.

पास! बाहेर आल्यावर सर म्हणाले, "उत्तर जरा अनौपचारिक होतं."

२२ जून

श्रीरामपूर. आठवीचे पहिले निबंध. सिमरनने लिहिलंय — 'आय ॲम व्हेरी व्हेरी हॅपी.' मी नकळत लाल पेनने 'आय' कापला. तिने वही माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, "मॅडम, मग खूश कोण हाय?"