पिंपातलं विरजण

आई,

तुला मराठीत लिहायचं म्हटलं की माझा हात अजून अडखळतो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी तुला नेमानं पत्रं लिहायची, आणि फोन लागला की कशी आहेस हे विचारायच्या आधी तू माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचून दाखवायचीस. कॉन्व्हेंटला घातली तिथेच चुकलं, म्हणायचीस, जसं काही मीच हट्ट करून गेले होते. शाळेतल्या सिस्टर कधी मारायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. तू मारायचीस, आणि मारताना बघायचीही नाहीस, दुसऱ्या हातानं पोळी उलटत असायचीस. त्या स्वयंपाकघराची मला फार आठवण येते म्हटलं तर तुला खोटं वाटेल. खरंच येते. ओट्याच्या कोपऱ्यात विरजणाचं भांडं, त्यावर झाकलेली ताटली, आणि तुझ्या पाठीवरचा घामाचा ओला डाग. तुझ्याकडे मी लहानपणी पाठीमागूनच जास्त पाहिलं.

तू इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला आमच्याकडे तीन महिने राहायला आलीस, त्याबद्दल लिहायला बसले आहे. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. हे गाड्यांच्या कारखान्यात सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. माझी पदवी इथे कुणी मानली नव्हती आणि मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तू येण्याच्या काही वर्षं आधी जर्मनच्या वर्गात भेटलेल्या एका बाईनं मला तिच्या क्लबात नेलं होतं. घरी बिअर बनवणाऱ्यांचा क्लब, दहा माणसं, एका जुन्या इमारतीच्या तळघरात जमायची. मी फक्त बघायला गेले होते. प्रमुख होते ते निवृत्त शाळामास्तर, केमिस्ट्रीचे. त्यांनी माझ्या हातात माल्टचे, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचे दाणे दिले, चावायला सांगितले आणि काय चव लागते ते विचारलं. मी म्हटलं, भाजलेल्या नाचणीसारखी. नाचणी म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास गेला आणि मी पुढच्या शनिवारी परत गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी जात राहिले. ह्या देशात मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं, आई, आणि उत्तर ऐकायला थांबत होतं. तळघराची एक किल्ली माझ्याजवळ होती. घराची सोडून माझ्याकडे असलेली ती एकच किल्ली.

तू आलीस त्याच सुमारास क्लबानं स्कॉटलंडहून व्हिस्कीचं रिकामं पिंप मागवलं होतं. आतलं लाकूड अजून ओलं होतं आणि ते सुकायच्या आत भरायला हवं होतं. बेत असा होता की दहा जणांनी आपापल्या घरी एकाच कृतीनं काळी, जड बिअर बनवायची, एका दिवशी सगळ्यांनी आपली बादली आणून त्या पिंपात ओतायची, आणि मग वर्षभर हात लावायचा नाही, अधूनमधून थेंबभर चाखायचं तेवढंच. त्यात एक जुना रिवाज होता. प्रत्येकानं आपल्या बादलीतली एक बाटली भरून, सील करून घरी ठेवायची. पिंप बिघडलंच तर दहाही बाटल्या एका टेबलावर उघडायच्या, म्हणजे कुणाच्या घरून बिघाड आला ते कळतं. तोवर कधी वेळ आली नव्हती. मास्तर ते सांगताना हसायचे.

माझी बादली स्वयंपाकघरात हीटरजवळ होती, यीस्टला ऊब हवी म्हणून जुन्या शालीत गुंडाळलेली. तू विमानतळावरून आलीस, हातपाय धुतलेस, चहा घेतलास आणि त्या बादलीकडे बोट दाखवलंस. मी सगळं समजावून सांगितलं. बनवण्याआधी सरकारी कचेरीला कळवावं लागतं हेही सांगितलं, वाटलं, रीतसर आहे म्हटल्यावर तुझा राग उतरेल.

"म्हणजे सरकारला सांगून गाळतेस," तू म्हणालीस. "आणि ही शाल? पोर नाही झालं म्हणून बादलीला गुंडाळून बसलीस का?"

हे तिथेच बसले होते. त्यांनी पेपराचं पान उलटलं.

तुझा राग कुठून येतो ते मला माहीत होतं. बाबांनी तुझ्यावर कधी हात उगारला नाही, लोक त्यांना सज्जनच म्हणायचे. रोज संध्याकाळी ते व्हिस्की घेऊन बसायचे आणि तू समोर बसायचीस, कारण तू उठलीस की ते बोलणं बंद करायचे, महिना महिना. मी वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मला मित्रांसमोर उभं करून इंग्रजी भाषण तीनदा म्हणायला लावलं. तू पडद्याआड चकल्या तळत होतीस. तिसऱ्या वेळी बाहेर येऊन तू माझ्याच मुस्काटात मारलीस, म्हणालीस, थांबता येत नाही का तुला. बाबांना तू काही म्हणाली नाहीस. मला तेव्हा वाटलं होतं, आता मला आत नेशील. नेलंस, पण चकल्या मोजून ताटलीत लावायला.

आमच्या इमारतीत मात्र तू सगळ्यांची लाडकी झालीस. जिना झाडायची पाळी आमची आली की तू पायरी-पायरी अशी घासायचीस की खालच्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बघत उभी राहायची. तुम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी तिनं तुला केक आणून दिला आणि तू तिला साटोऱ्या. माझ्याशी ती बाई सहा वर्षांत कधी हसून बोलली नव्हती.

पिंप भरायच्या दिवशी तू हट्टानं तळघरात आलीस. मला बरं वाटलं होतं, हे लिहून ठेवते. मी तुला निळी साडी नेसायला सांगितली. सगळ्यांनी उठून तुझ्याशी हात मिळवले. मास्तरांनी एकेक बादली उघडून, पेल्यात घेऊन चाखली, माझी चाखून जरा थांबले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, हिच्या बिअरला फळासारखी धार आहे, हिची आधी ओता. मला अजून दिसतंय, नळीतून माझी काळी बिअर पिंपाच्या तोंडात उतरते आहे, आणि तू बाजूला उभी आहेस, पदर नाकाला लावून. लाकडातून व्हिस्कीचा दर्प येत होता. मास्तरांनी तुझ्यापुढे पेला धरला. तू तो घेतला नाहीस. मराठीत, शांतपणे म्हणालीस, "ह्याला सांग, ह्याच वासात माझी तीस वर्षं गेली." मी त्यांना सांगितलं, आई म्हणते, वास फार छान आहे. त्यांनी कमरेत वाकून तुला नमस्कार केला. मग बाकीच्या नऊ बादल्याही ओतल्या गेल्या आणि तू शेवटपर्यंत उभी राहून पाहिलंस, एकदाही बस म्हटलं नाहीस, घरी जाऊ म्हटलं नाहीस. तेव्हा मला वाटलं, तुला हळूहळू आवडायला लागलं आहे.

महिनाभरानं पहिल्यांदा चाखायला उघडलं. मास्तरांनी घोट घेतला आणि बादलीत थुंकला. मग एकेकानं घेतला आणि थुंकला. आंबट, आई, जिभेला चिमटा काढणारं आंबट. एकदा लाकडात हे शिरलं की ते धुऊन निघत नाही, पिंपही गेलं आणि दहा जणांची बिअरही. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी आपापली बाटली आणायची ठरलं. मी घरी आले तेव्हा तू ओट्याशी मेथी निवडत होतीस. मी खुर्चीत बसून रडत सगळं सांगितलं. लहानपणी रडायची तशीच, तोंड लपवून. तू काडी मोडलीस, पानं परातीत टाकलीस.

"आंबणारच," म्हणालीस. "अर्धी वाटी विरजण घातलं होतं मी. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, दह्याबद्दल बोलते आहेस. मग तू नीट सांगितलंस, स्वयंपाकाची कृती सांगावी तसं. शाल सोडली, झाकण उघडलं, विरजण घातलं, उलथन्यानं ढवळलं, झाकण लावलं, शाल होती तशी गुंडाळली. दूध नासवायला लिंबू पुरतं, पण हे उबेला ठेवलं आहे म्हणजे ह्याला दहीच लागेल, असा विचार केलास म्हणालीस.

मी विचारलं, "आणि त्या नऊ जणांचं काय? तू उभी राहून बघत होतीस."

"बघत होते. बरं वाटत होतं," तू म्हणालीस. "तुझ्या नवऱ्याचा रोज एक ग्लास असतो. तुझ्या बापाचाही एकच असायचा आधी. मी तुझा संसार वाचवला. आता रडायचं तर तिकडे जाऊन रड, मेथीत पाणी पडतंय."

रात्री ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे, आणि शेवटी क्लबच तर आहे. ते दिवसभर माणसांत असायचे. त्यांना एक क्लब गेल्यानं काय जातं ते कसं कळावं.

शनिवारी मी माझी बाटली घेऊन निघाले. वाटेत ती फोडता आली असती, पडली म्हणता आलं असतं. तुझ्याबद्दल सांगताही आलं असतं. ट्राममध्ये मी जर्मन वाक्यं जुळवत होते, माझ्या आईनं मुद्दाम, आणि पुढे जाववेना. तळघरात दहा बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. मास्तर एकेक उघडत होते, वास घेत होते, पुढे सरकवत होते. माझी उघडली तेव्हा फेस उसळून टेबलभर झाला, त्यांची बाही भिजली, आणि वास सगळ्यांपर्यंत गेला. मला क्लबात आणणारी बाई स्वतःच्या नखांकडे बघत होती. मी म्हटलं, आमच्या घरी रोज दही लागतं, चमचा माझ्याच हातून इकडचा तिकडे झाला असेल. एक जण म्हणाला, पुढच्या वेळी गायच आणा बरोबर. सगळे हसले, पोट धरून हसले, हसण्यानं त्यांना मोकळं वाटलं असावं. भरायच्या दिवशी ही बिअर चाखून मास्तरांनीच ती पहिली ओतायला लावली होती, ते कुणाला आठवलं नाही. मास्तरांना मात्र आठवत होतं, कारण ते माझ्याकडे बघत नव्हते. इतकी वर्षं मला एकेरीत हाक मारणारा तो माणूस त्या दिवशी मला अहो-जाहो करत म्हणाला, "तुमच्या स्वयंपाकघरात काय काय वाढतं ते आम्हाला माहीत नाही. किल्ली टेबलावर ठेवा." मी ठेवली. हात ओला होता म्हणून ती आधी पुसली.

पुढच्या आठवड्यात क्लबातल्या लोकांनी पिंप मधोमध कापलं आणि त्याचा अर्धा भाग आमच्या दारात आणून ठेवलं, आत माती भरून, वर लाल जिरेनियम लावून, रिबीन बांधून. चिठ्ठी नव्हती. तू मात्र खूश झालीस. लोक चांगले आहेत गं तुझे, म्हणालीस, जिरेनियम उपटून फेकलंस आणि त्यात मेथी पेरलीस. ती इतकी तरारून आली की खालच्या म्हातारीलाही दिली. तू पुण्याला परत गेल्यावर सगळ्या नात्यात सांगत सुटलीस की लेकीच्या घरातली दारू मी बंद केली. मावशीनं मला फोन करून तुझं कौतुक केलं.

बंद काही झालं नव्हतं. ह्यांचा एक ग्लास तेव्हाही एक होता, आजही एकच आहे, निम्मा कधी कधी तसाच राहतो आणि मी सिंकमध्ये ओतते. हे बाबांसारखे झाले नाहीत. होणारही नव्हते. तुझा अंदाज चुकला, आई, आणि तुझ्या चुकीपायी माझं जे गेलं ते परत आलं नाही. मी नंतर दुसऱ्या कुठल्या क्लबात गेले नाही. मास्तर कधी बाजारात दिसले तर मला टाळून समोरच्या फुटपाथवर जायचे.

तीन वर्षांनी तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा हे सगळं तुला ऐकवायचं म्हणूनच मी विमानात बसले होते. नळ्या लावलेल्या, केस पांढरे, हाताची कातडी कागदासारखी, आणि तू डोळे उघडून सगळ्यात आधी विचारलंस, "जावई पितात का अजून?" मी म्हटलं, नाही आई, तेव्हाच सोडली, तुझ्यामुळे. तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलंस. मी खुर्ची पुढे ओढली.

"मग तुला ही अक्कल आधी का आली नाही?" तू म्हणालीस, आणि भिंतीकडे वळलीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

मरणाऱ्या माणसाचं मन राखलं, असं मी ह्यांना सांगितलं. नर्सलाही तसंच वाटलं, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते खरं नाही. मला तुझं मन राखायचं नव्हतं. ती किल्ली तुझ्यापायी गेली आहे, तर निदान तू एकदा, एकदाच, बरं केलंस बाळा म्हणशील, म्हणून मी खोटं बोलले होते. खुर्ची पुढे ओढली होती ती त्यासाठीच.