माझ्या कर्णफुलांचा वाटा

मी, लौ क्वॉक-शी, लौ पिंग-सौ यांची विधवा, वय अठ्ठावन्न, राहणार शाउकेईवान, हाँगकाँग, हे स्वतःच्या हाताने लिहिते. पाय सुजले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही.

१. खारवलेल्या मासळीचे दुकान व वरची खोली माझी मुलगी होई-यान हिची. माझे दीर लौ काम-फूक हरकत घेतील, म्हणून ती घरात कशी आली ते लिहून ठेवते.

पंचवीस वर्षांपूर्वी चाच्यांनी माझ्या पतींचे गलबत लुटले. त्यांचे प्रेतही मिळाले नाही. गस्तीची आगबोट तेव्हा धक्क्यालाच उभी होती. इथले सरकार म्हणे, गस्तीचा खर्च विलायतेने करावा. विलायत म्हणे, बंदर तुमचे, व्यापार तुमचा, तुम्हीच करा. पत्रे जात-येत राहिली आणि आगबोटीला कोळसा मिळेना. शेवटी आमच्या मासळीवाल्यांनी वर्गणी काढून तो भरला. मी लग्नातली सोन्याची कर्णफुले दिली.

आगबोटीने चाच्यांचे एक गलबत ओढून आणले. माणसे फाशी गेली, माल वर्गणीदारांत वाटला. तांदूळ, दोर, तोफा, आणि वर्षभराची एक पोरगी, जी कोणाच्याच वाट्याला लावता येईना.

"वहिनी, तुम्ही तांदूळ घ्या," भाऊजी म्हणाले.

"मला ती द्या."

"चोराचं पोर आहे ते. उद्या तुमचाच गल्ला घेऊन पळेल."

"गल्ल्यात मिठाशिवाय आहे काय? पळू दे."

पळाली नाही. माझे सुजलेले पाय रोज तीच चोळते.

२. माझा तराजू भाऊजींना. दर महिन्याला ते तो उसना नेतात आणि काटा बिघडलाय म्हणून परत आणतात. धक्क्यावर वर्गणीदारांची नावे कोरलेली शिळा आहे; तिच्यावर माझे नाव आहे का हे बघायला मी पुड्यांच्या कागदांवरून अक्षरे शिकले. दोन वर्षे लागली. कर्णफुले भाऊजींच्या नावावर निघाली. ते नाव तसेच राहू द्यावे. त्याबदल्यात त्यांनी कलम १ व ३ ला हरकत घेऊ नये.

३. माझ्या पतींच्या नावाची लाकडी पाटी होई-यानकडे राहील. तिचे रक्त निराळे, तिने पाटीपुढे पितरांचा भात ठेवू नये, असे म्हणतील. गेली वीस वर्षे तीच ठेवते आहे. म्हणणाऱ्यांपैकी कोणी उदबत्तीसुद्धा आणलेली नाही.

४. होई-यान, हे तुला. छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, तू एक वाडगा पाटीपुढे ठेवतेस आणि दुसरा मिठाच्या रांजणामागे, मला दिसू नये म्हणून. पहिल्याच वर्षी दिसला होता. कोणासाठी आहे तेही कळले. फेकून देणार होते. उचलला तर भात गरम होता, आणि वर मासळीचा तो तुकडा होता, जो मी तुझ्या ताटात वाढला होता. परत जागेवर ठेवला.

यापुढे दोन्ही वाडगे पाटीपुढेच ठेव. मध्ये हातभर जागा सोड. त्या दोघांची ओळख चांगली झालेली नाही.

सही : लौ क्वॉक-शी

साक्षीदार :
१. माक यिक-छुन, दोरवाले, शेजारी. सही.
२. लौ काम-फूक, दीर. चारही कलमे वाचून दाखवली. शिळेचे कलम दोनदा वाचायला लावले, मग अंगठा उठवला. तराजू आजच घेऊन गेले.

शाउकेईवान, ग्वांगशू राजवटीचे अठरावे वर्ष, दुसरा महिना, नववा दिवस.