विल्यापाताची रांग

४ जून
डॉक्टर चोके तपासणीला आले. वही उघडली. पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेणाऱ्या बायका गेल्या वर्षी एक्केचाळीस, यंदा एकोणीस. म्हणाले, "बाकीच्या विल्यापाताच्या दवाखान्यात जातात. महिनाअखेर परतल्या नाहीत तर हे काम तिकडेच हलवू."
बावीस वर्षांत माझी एक सुई चुकलेली नाही! तसं सांगितलं. "सुईचं कोण बोलतंय, बाई?" — मग कशाचं? त्यांनी वही मिटली. सूप पिऊन गेले.

५ जून
दवाखाना दाराशी, आणि ह्या बाया तीन तास ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून घेतात. अक्कल गहाण टाकलीय.

१० जून
बाजारात दोन्या फेलिसा दिसली. मला बघून बटाट्यांत तोंड खुपसलं. मी विचारलं, "इंजेक्शनची तारीख टळली, आली नाहीस ती?" तिने माझा हातच दाबला. "हळू बोला हो! पलीकडे सासू बसलीय."
माझा आवाजच असा, काय करू!
मग कुजबुजली — पाळी थांबली होती. रक्त आत साठतंय, त्याचा गोळा होणार, असं वाटून झोप लागेना. मी म्हटलं, अगं, ह्या औषधाने थांबते कधी कधी, साठत-बिठत नाही काही. विचारायचं होतंस! "कधी विचारू? टोचलं की तुमचं — चला, पुढची!"
राग आला. दिवसाला साठ माणसं बघते मी.

१३ जून
रविवार. मुलगी मार्लेनी नवऱ्याला घेऊन जेवायला आली. तिला सगळं सांगितलं. ती चुन्योचे वाळवलेले बटाटे सोलत राहिली. म्हणाली, "तिथली नर्स हळू बोलते म्हणे."
"कोण म्हणे?"
"म्हणतात, आई."

१८ जून
रजा टाकली. शाल कपाळापर्यंत ओढून विल्यापाताला गेले, रांगेत बसले. बघू तर खरं, काय सोनं वाटतात!
सोनं नाही. आकडा लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा देतात. नर्स पोरगेली. दारात येऊन नुसता आकडा म्हणते. बाई आत गेली की दार बंद. बाहेर एक शब्द येत नाही. एकेकीला पाव तास! तेवढ्यात मी चार जणी उरकते.
मी दारातून ओरडते — "इंजेक्शनवाली, दोन्या फेलिसा!" गावात सगळ्या ओळखीच्याच, त्यात लपवायचं काय, असं वाटायचं. बावीस वर्षं ओरडतेय. आज तिथे बसून लाज वाटली. माझा नंबर यायच्या आधीच उठले.

१९ जून
काल एक लिहायचं टाळलं. रांगेत माझ्यापुढे दोघी सोडून मार्लेनी होती. अकरा नंबर. तिने मला पाहिलं नाही. ती आत जाऊन दार लागेपर्यंत मी मान खाली घालून बसले.