सावलीकडची बाजू

आबा,

रागानंच लिहिते आहे, आधीच सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता नीट आठवत नाही. एक वाक्य तेवढं लख्ख आठवतं. "तुझ्या हाताला यशच न्हाई."

फौजेतून पेन्शन घेऊन तुम्ही मेढ्याला आलात आणि माघ लागला की दर रविवारी मला धरणाच्या पाण्यावर न्यायला लागलात. आई गळाला लावायला कणकेत शेंगपेंड मळते आहे, तुम्ही गळाच्या दोन काठ्या खांद्यावर टाकून दारात उभे आहात आणि मी आनंदानं वेडी झाले आहे. पाण्यावर गेलं की तुम्ही मला डोंगराखालच्या खोबणीत बसवायचात. "हितं बस. मासा हितंच येतो." आणि स्वतः समोरच्या काठाला, उन्हात. मी कुडकुडत दोरीवरच्या तरंगत्या बुचाकडे बघत बसायची. ते कधी हललं नाही. समोर तुम्ही रोहू ओढताय, पिशवीत टाकताय. घरी आईनं विचारलं की तुमचं ते वाक्य ठरलेलं. हसत म्हणायचात, म्हणून जास्त लागायचं.

ते घरात मुरलं. मी लावलेलं विरजण लागलं नाही की तेच, मिरचीचं रोप जळलं की तेच. लोणच्याच्या बरणीला मला कुणी हात लावू देईना. माझं लग्न ठरताना आत्या सासूबाईंच्या देखत म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पर हाताला यश न्हाई तिच्या." तुम्ही शेजारीच बसला होता. चहा पीत.

तुमच्या वर्षश्राद्धाला, तुमच्याबरोबर पाण्यावर येणारे काका जेवायला होते. मी वाढत असताना त्या खोबणीत मला कधी मासा लागला नाही हा विषय निघाला, तर ते घास हातात धरून हसायलाच लागले. "आगं, त्या सावलीत माघात बेडूकबी बसत न्हाई. दुपारपतूर पानी बर्फ असतंय तितलं. मासा उन्हाच्या अंगाला येतो, उथळात. आबाला ठावं न्हवतं व्हय? तू लय बडबडायचीस. मासं बुजत्यात म्हणून तुला तिकडं बसवायचा." मी आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

बडबड करू नको, एवढं सांगायला काय झालं होतं? एक रट्टा दिला असतात तरी मी विसरले असते. तुम्हाला दोन घटका शांतता हवी होती, आणि तेवढ्यासाठी तुम्ही पोटच्या पोरीचा हात नासका ठरवलात. वर कधी खरं बोलला नाहीत. गावात लोक अजून म्हणतात, देवमाणूस होता. म्हणू देत.

आता आम्ही शिरवळला असतो. ह्यांना कारखान्याच्या सुट्टीदिवशी गळ टाकायचा नाद लागला आहे आणि त्यांना सगळं मीच सांगते. काकांनी सांगितलेलं आणि तुमच्याकडं लांबून बघून डोक्यात राहिलेलं मी जुळवलं. थंडी सरत आली तरी सकाळची घाई करायची नाही, पाणी तापू द्यायचं. गळ बारीक, कणकेची गोळी जोंधळ्याच्या दाण्याएवढी. गारठलेला मासा घास घेत नाही, नुसता चोखतो. बूच बुडत नाही, जरासं कलतं, तेवढ्यात झटका द्यायचा. ह्यांना मासे लागतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "बायकूला इचारा."

मागच्या सुट्टीला हे गाडीतली पाण्याची बाटली आणायला गेले आणि बूच कललं. काठी माझ्या गुडघ्याशी होती. मी हाक मारली, "आवं, लवकर या." ते धावत आले तोवर बूच सरळ झालं होतं.

"वडायचं की गं, हाताशी तर हुती काठी."

"मला नाही जमत," मी म्हटलं.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून सांगते. मला जमतं, कसं ते पाठ आहे. पण लहानपणानंतर मी काठीला हात लावलेला नाही. सावलीचं, थंडीचं, काकांचं सगळं मला पटलं आहे. तरीही उन्हात बसून मी ओढलं आणि गळ रिकामाच वर आला तर काय, याची मला भीती वाटते.