वीतभर सांधा

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

सगळे बरे आहेत, हे आधीच लिहिते, म्हणजे पाकीट फोडताना तुझा जीव वरखाली व्हायला नको. तुझी कंबर कशी आहे? जड फळ्या उचलताना वहिनी ओरडते का अजून? ओरडू दे तिला. फोनच करणार होते, पण फोनवर तू लगेच "मुद्द्याचं बोल" म्हणतोस आणि मला मुद्दाच सापडेनासा होतो.

होडी झाली. खरंच झाली. सात महिने बाहेरची खोली तिची होती, आम्ही तिच्या कडेकडेनं राहिलो. चहात भुसा, उशीत भुसा, यांच्या भुवयांतसुद्धा भुसा. बारा फुटांची होडी दारातून बाहेर काढली तेव्हा दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा उरली. जन्मभर दारं केलेल्या माणसानं आधी दार मोजलं होतं. शेजारचा शिंपी बघायला आला आणि म्हणाला, "छान आहे. कडी कुठे बसवणार?" हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

यांनी होडी करायला घेतली तेव्हा तू बोललास ते हे विसरलेले नाहीत. 'दारं करणाऱ्यानं दारंच करावीत.' तू होड्या बांधणारा, तुला म्हणायचा अधिकार असेलही. पण तेव्हापासून तुला काही विचारायचं नाही, असं या घरात ठरलंय. मी विचारतेय हे यांना माहीत नाही.

सांध्यांत कापूस ठासायचं काम माझ्याकडे होतं. होडी पालथी, मी पाटावर, एका हातात बोथट छिन्नी, दुसऱ्यात ठोकायची लाकडी मोगरी. दोन फळ्यांमध्ये कापसाचा पीळ ठासायचा, वरून पुट्टी, मग रंग. हे म्हणायचे, "तुझा हात माझ्यापेक्षा सारखा चालतो." तर समज, एखाद्या ठिकाणी चुकून कापूस राहिला. फार नाही, वीतभर. तळाला, मागच्या बाजूला. चुकून नुसती पुट्टीच भरली गेली आणि वर रंग चढला. तर चालतं का? परवा अंगणात होडीत पाणी भरून दिवसभर ठेवलं, थेंब बाहेर आला नाही. म्हणजे असं चुकून राहिलेलं धरतं ना?

लेक सुट्टीला येतेय. तेवीस तारखेला, रविवारी, होडी पाण्यात घालायची. "बाबांबरोबर पहिली मीच बसणार" असं सांगून तिनं काल फोनवरूनच जागा धरून ठेवली. हे ठीक आहेत. मध्ये एकदा चक्कर आली होती, उन्हाची असेल.

उत्तर शिंप्याच्या दुकानावर पाठव. चुकून यांच्या हाती पडायला नको. आणि लवकर पाठव.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

तुझं पत्र मंगळवारी शिंप्यानं कापडाच्या घडीत घालून दिलं. एवढ्याशा पत्रात मी किती वेळा बसले आणि उठले. 'अंगणात होडी हलत नाही म्हणून पुट्टी धरते. पाण्यावर माणसं बसली, लाटा लागल्या, की फळ्या हलतात आणि नुसती पुट्टी सुटते. सुटते ती बहुतेक किनारा लांब गेल्यावर. आणि चुकून हा शब्द तू चार वेळा लिहिला आहेस.'

चुकून नव्हतं, दादा.

चक्करही उन्हाची नव्हती. डिसेंबरातली सकाळ, हे स्वयंपाकघरात मोजपट्टी शोधत होते आणि उभ्याउभ्या कोसळले. मिनिटभर मला ओळखलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा होऊ शकतं, पाण्याबिण्यावर जाऊ नका. परत येताना हे म्हणाले, "लेकीला सांगायचं नाही. तुझ्या भावाला तर मुळीच नाही." दारांच्या कारखान्यानं घरी बसवल्यापासून या माणसाला सकाळी उठायला एकच कारण होतं आणि ते बाहेरच्या खोलीत पालथं पडलेलं होतं. त्याला 'नको' कुठल्या तोंडानं म्हणू?

म्हणून मी वीतभर सांध्यात कापूस घातला नाही. मला वाटलं, अंगणातच गळेल. हे चिडतील, मग महिना-दोन महिने दुरुस्त करत बसतील. उठायला कारण राहील आणि पाणी लांब राहील. पुढचं पुढे. केवढी शहाणी मी. पण पुट्टी इतकी नीट बसली की गळलंच नाही. हे दिवसभर तळाखाली वर्तमानपत्र पसरून बसले होते. संध्याकाळी तो कोरडा कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "बघ." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा टाकायला आत गेले.

मंगळवारी तुझं पत्र वाचलं आणि जेवायच्या आधीच यांना सांगितलं. सगळं, उभ्यानंच. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

यांनी फक्त विचारलं, "लेक पहिली बसणार, हे तुला कधी कळलं?"

"नऊ तारखेला."

"आज अठरा आहे," हे म्हणाले.

नऊ दिवस, दादा. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग हे वल्ह्याला तेल लावताना दिसायचे आणि मी कपडे वाळत घालायला जायची. तुझ्या उत्तराची वाट बघतेय, अशी मनाची समजूत घालत होते. तू 'चालतं' लिहिलं असतंस तर मी कधीच सांगितलं नसतं. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय.

जेवण तसंच राहिलं. शिंप्याला हाक मारून यांनी होडी पालथी केली. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "तू सरक." शिंपी एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून काही न विचारता निघून गेला, आणि तो काही न विचारता जाणारा माणूस नाही. यांनी जागा खरवडून मोकळी केली. छिन्नी-मोगरी माझ्यापुढे ठेवली. "भर."

मी भरलं. पूर्वी मी ठोकत असताना हे पाठ करून रंधा मारत असायचे. या वेळी एकेक ठोका बघत उभे राहिले. नंतर सुरीचं टोक घेऊन बाकीचे सगळे सांधे तपासायला बसले. मी म्हटलं, "बाकीचे नीट आहेत हो." हे म्हणाले, "असतील," आणि पुढच्या सांध्याकडे सरकले. कालचा अख्खा दिवस त्यातच गेला. सगळे नीटच निघाले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आज सकाळी यांनी स्वतः लेकीला फोन करून चक्करेचं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, "बाबा, आईला फोन द्या." यांनी दिला नाही. म्हणाले, "आईची चूक नाही." मी दाराआड उभी राहून ऐकलं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या भावाला लिही. येऊन तळ बघ म्हणावं. तो 'हो' म्हणाला तर पाण्यात घालू, आणि वल्ही लेकीच्या हातात. मी नुसता बसेन. तो 'नाही' म्हणाला तर नाही." सात महिने ज्याचं नाव घेतलं नाही, त्याला बोलवायला तयार झाले. मला विचारलं नाही, तू भरलेला सांधा आता धरेल ना म्हणून.

हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. शनिवारी पोहोच. सकाळच्या उजेडात तळ बघ. सगळे सांधे बघ, मी कालपरवा भरलेला आधी बघ. मी चहा घेऊन शेजारी येईन आणि म्हणेन की सगळं ठीक आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस.

तुझीच बहीण