शंभरपैकी चार

जळगाव, ४ जानेवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस, प्रेमराजभाऊचे अनेक आशीर्वाद.

निकाल लागेपर्यंत परीक्षकांनी फोनवर कोणाशी बोलायचं नाही, असा विनोदी एकांकिका लेखन स्पर्धेच्या समितीचा नियम आहे. पत्राचं त्यांना सुचलं नाही, म्हणून हे पत्र. तू धुळ्याहून पाठवलेले मेथीचे लाडू पोचले. दहापैकी सहा. गूळ बरा, तूप हात आखडून घातलंय.

संहिता एकवीस आल्या. लेखकांची नावं बंद पाकिटात, आमच्या हाती फक्त क्रमांक. माझ्या जोडीला एक दातांचे डॉक्टर आणि एक केळीचे व्यापारी आहेत. व्यापारीसाहेबांनी बक्षिसाची ढाल दिलीय, त्यामुळे त्यांची विनोदबुद्धी कोणी तपासली नाही. अंतिम फेरीत पाच संहितांचं नाट्यगृहात वाचन होईल. अर्धे गुण आमचे, अर्धे प्रेक्षकांच्या मतांचे. म्हणजे तीस वर्षं मराठी शिकवलेला मी आणि भेळ खात बसलेला माणूस एकाच तराजूत! विजेत्या एकांकिकेचे सावद्यापासून धुळ्यापर्यंत पंधरा प्रयोग होणार आहेत.

क्रमांक सतरा मात्र या दोघांनी त्या पाचांत घुसवून माझ्या गळ्यात मारला. त्यात एक थोरला भाऊ आहे, तो दिसेल त्याला गुण देत सुटतो. बायकोच्या वरणाला गुण, लग्नाच्या पंगतीला गुण, मयतीतल्या भाषणालाही गुण! मी शंभरपैकी चार दिले आणि शेरा लिहिला की असा माणूस जगात असूच शकत नाही. तुझ्या वहिनीला, कुंदाला, वाचून दाखवलं, तर ती भांडी घासायला उठून गेली. तिचं आजचं वरण साडेपाचच होतं.

लाडवांचं मनावर घेऊ नकोस, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा भाऊ,
प्रेमराज


धुळे, ९ जानेवारी २०२५

ती. स्व. भाऊंस, रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

लाडवांना सहा मिळाल्याचं घरात सांगितलं. मागच्या दिवाळीच्या चिवड्याला तुम्ही साडेचार दिले होते, म्हणजे माझी प्रगती आहे.

एक विचारते, रागावू नका. असा माणूस जगात नाहीच, हे आपण कसं ठरवायचं? तुमची ऊठबस सज्जनांत, म्हणून तुमच्या बघण्यात आला नसेल. मी कोणाची बाजू घेत नाही आणि दिलेले गुण तुम्ही बदलणार नाही हेही जाणते. पण हा सतरा नंबरवाला कोणी नवखा असेल. हे तुझं काम नाही, म्हणून कोणीतरी त्याचं लिहिणं कधीकाळी बंद पाडलं असेल आणि वीस वर्षांनी धीर करून त्याने हे पाठवलं असेल. आता हेही गेलं, तर तो पुन्हा कागद हातात धरायचा नाही. शेवटचं पान तरी नीट वाचा.

वहिनींना माझा नमस्कार आणि माझ्याकडून वरणाला दहा सांगा. लोभ असाच सढळ हाताने असावा.

तुमची,
रत्ना


जळगाव, २० जानेवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस, आशीर्वाद. (नेहमीपेक्षा कमी.)

तू अंतिम फेरीला आली नाहीस, म्हणून काय झालं ते कळवतो. मत म्हणजे तिकिटाचा अर्धा तुकडा. तो ज्याच्या-त्याच्या केळीच्या क्रेटमध्ये टाकायचा. अभिमन नावाच्या स्पर्धकाने सावद्याहून दोन टेम्पो भरून माणसं आणली, त्यांना दुपारी भरीत-पुरी घातली. मंडळी त्याचं भरीत चापून आली आणि सगळे तुकडे त्याच्याऐवजी सतराच्या क्रेटमध्ये टाकून मोकळी झाली. सतराचं वाचन चाललं असताना लोक माना वळवून माझ्याकडे बघत होते. मुख्य परीक्षकाला मान देताहेत असं समजून मी हातही जोडले.

मग पाकीट फोडलं आणि विजेती म्हणून तुझं नाव निघालं. अभिमन उठून ओरडला की परीक्षकाने सख्ख्या बहिणीला बक्षीस दिलं. समितीने निकाल थांबवला आणि माझं गुणपत्रक मलाच माईकवर वाचायला सांगितलं. मी वाचलं : क्रमांक सतरा, शंभरपैकी चार, असा माणूस जगात असूच शकत नाही. त्यावर नाट्यगृह असं हसलं की पाचही संहितांना मिळून तेवढं हसले नसतील. अभिमनसुद्धा तक्रार विसरून खाली बसला. कुंदा पदर तोंडाला लावून हसत होती. अडतीस वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, तो माणूस कोण ते.

बक्षीस तुझंच आहे, माझ्या चार गुणांनी ते वाचलं. अभिनंदन. पण मला फार लागलंय, रत्ना. दोन दिवस मी घरात कशालाच गुण दिले नाहीत आणि कुंदाने कारणही विचारलं नाही.

लोभाचं सध्या काही सांगता येत नाही.

प्रेमराज


धुळे, २४ जानेवारी २०२५

ती. स्व. भाऊंस, शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही. आता तो नियम समितीचा नाही, तुमचा आहे.

माझ्या लिहिण्याला तुमची ही पहिलीच मदत, तीही चुकून झालेली, तरी आभार मानते. पण त्या चार गुणांचं पत्र वाचून मी ओट्यापाशी उभी राहून रडले होते. लग्नाआधी माझी पहिली विनोदी गोष्ट तुम्ही लाल शाईत दहापैकी दोन लिहून परत केलीत. खाली लिहिलंत की बायकांना विनोद झेपत नाही. वीस वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. हे लिहायला बसले ती सूड म्हणूनच. अर्ध्यावर आले आणि तो माणूस मला आवडायला लागला, त्याला मी काय करू? शेवटच्या पानावर घरातले सगळे लग्नाला गेलेत, तो एकटाच मागे राहिलाय, स्वतःला गुण द्यायला बसतो आणि त्याला आकडा सुचत नाही. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत ना, भाऊ?

पंधरा प्रयोग हवे होतेच. पण तुम्ही हसावं, हे त्याहून जास्त हवं होतं. सोळा फेब्रुवारीला धरणगावला पहिला प्रयोग आहे. या, असं म्हणत नाही. तिकीट पन्नास रुपये.

गुण कितीही कापा, लोभ कापू नका.

तुमची,
रत्ना


जळगाव, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस, पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

काल कुंदाला घेऊन धरणगावला गेलो होतो. मफलर गुंडाळून मागच्या रांगेत बसलो, म्हणून तुला दिसलो नाही. कबूल करतो, संहिता मी नवव्या पानावरच मिटली होती. पंगतीच्या प्रसंगाला मला हसू आलं. आधी खोकून दडवलं, मग दडेना, कुंदा माझ्याकडे बघतच राहिली. शेवटच्या प्रसंगाला तिनेच तिचा रुमाल माझ्या हातात दिला. तुझ्या पहिल्या गोष्टीच्या बाबतीत मी चुकलो, रत्ना. तुझी वीस वर्षं कशी भरून द्यायची, ते मला कळत नाही.

पडदा पडला तेव्हा शेजारचे एक कापूसवाले आबा माझी पाठ थोपटायला लागले. म्हणाले की इतकं मनाले लावू नका, खरा माणूस जळगावले राहस, अन तो तं या नाटकवालापरीस बेकार शे. मी त्यांना सांगितलं की अगदी खरं आहे, मी त्याच्याच घरात राहतो.

आता लोभ मागायची पाळी माझी.

तुझा,
भाऊ