अजून आत?

अण्णा,

आज ९ नोव्हेंबर १९९७, रविवार, दुपारचे अडीच. युनिफॉर्म धुऊन दोरीवर टाकला आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसून चपलेचा सुटलेला अंगठा बारीक खिळा मारून पक्का केला. त्यानंतर हात रिकामे राहिले म्हणून लिहायला बसलो. खरं तर झोपायला हवं होतं. आठवड्याचा शीण अंगात आहे, पण आडवं झालं की डोळा लागत नाही, नुसता पत्र्याकडे बघत पडून राहतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सातवीत होतो, आता तेविसावं चालू आहे. मधल्या काळात सांगण्यासारखं काही घडलंच नाही असं नाही, पण ते सगळं आईला सांगून भागत होतं. हे एक आईला सांगता येत नाही.

मी सध्या सुप्याला एमआयडीसीत आहे. दूध भुकटीचा नवीन कारखाना निघालाय, तिथे हेल्पर. मोठं यंत्र जर्मनीहून आलं आहे. चकचकीत स्टीलचं एक पिंप समजा, गावच्या पाण्याच्या टाकीएवढं उंच आणि खाली नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलेलं. त्याला सगळे चेंबर म्हणतात. वरून दुधाचा फवारा पडतो, गरम वाऱ्यात तो वाळतो आणि खाली भुकटी येते. भिंतीला जी चिकटते ती मात्र आपण होऊन सुटत नाही. यंत्र बंद करायचं, थंड होऊ द्यायचं आणि बाजूच्या गोल दारातून कोणीतरी आत शिरून ती ब्रशने झाडायची. दार लहान आहे, त्यामुळे माणूस बारीक लागतो. सुपरवायझरने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "तू जायचं आत. जर्मनीचे साहेब आलेत ते शिकवतील. ते गेल्यावर हे काम जो सांभाळेल त्याला पर्मनंट करायचं, असं वरून सांगितलंय." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी आईने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "टाकीत न्हाई, हौदात न्हाई, कशाच्या आत म्हून उतरायचं न्हाई. उपाशी राहू, पन उतरायचं न्हाई." नववीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी बारदान शिवलं, ट्रक भरले, उघड्यावरची सगळी कामं केली. आत कुठे गेलो नाही.

जर्मनीचे साहेब म्हणून जे आले ते दिसायला काही जर्मन नव्हते. बुटके, चपट्या नाकाचे, चाळिशीचे. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये पैजा लागल्या. आमच्यातला एक ऑपरेटर आहे, पारनेरकडचा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा आणि तोंडाने सैल. तो म्हणाला, "ह्यो तर नेपाळी हाय. जर्मनीवाल्यांनी गुरखा धाडलाय." दुसरा म्हणाला, चायनीज. साहेबांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हिएतनाम." मग खिशातला पासपोर्ट थोपटून म्हणाले, "जर्मनी." तरुणपणी करारावर तिकडच्या कारखान्यात कामाला गेले, मजुरांच्या वसतिगृहात राहिले, करार संपल्यावर बरेच जण परत गेले, हे राहिले. एवढं मला हळूहळू कळलं. त्यांना इंग्रजी थोडं, मला थोडं. दोघांचं मिळून एका माणसापुरतं होत असेल.

शिकवायला त्यांनी यंत्रापासून सुरुवात केली नाही. चहाच्या सुट्टीत खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर जर्मन शब्द लिहिले, आणि सगळे शब्द एकाच गोष्टीचे, आत असण्याचे. ड्रिन म्हणजे आत. ड्रिनन म्हणजे बाहेर न राहता आत असणं, घरात वगैरे. इनन म्हणजे आतली बाजू, भिंतीची, पाइपाची. आत जाण्याचे पुन्हा दोन. सांगणारा बाहेर उभा असला आणि तुम्ही त्याच्यापासून दूर आत जात असलात तर हिनाइन; तो आतच असला आणि तुम्हाला आपल्याकडे बोलावत असला तर हेराइन. हे समजावताना ते स्वतः चेंबरच्या दारातून आत गेले आणि तिथून हात हलवत म्हणाले, "हेराइन! हेराइन!" मी पुढे सरकलो नाही. ते बाहेर आले, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुठ्ठ्यावर पुढचा रकाना आखला. त्यांच्या स्वतःच्या, व्हिएतनामच्या भाषेत आतला चॉङ म्हणतात. तो म्हणताना शेवटी ओठ मिटायचे, शब्द बाहेर पडल्या पडल्या तोंड बंद. आत जा, आत ये, दोन्हीला वाव्. तिसरा रकाना इंग्रजीचा, इन, इनसाइड, इंटू. चौथा मी आखला, आपला. त्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आला, आत. मी विचारलं, ड्रिनची वेलांटी पहिली की दुसरी? ते समजेपर्यंत चहा निवला. समजल्यावर ते एवढे हसले की ऑपरेटर येऊन म्हणाला, "काय रं, जर्मनीला चाललास का काय? तिकडं ग्येल्यावर आमाला बी आत घे बरं का."

असे तीन आठवडे. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईने विचारलं, काम काय असतं. म्हणालो, भाषा शिकतोय. ते खोटं नव्हतं.

पुठ्ठ्यावर सगळ्यात खाली साहेबांनी दोनच शब्द मोठे लिहिले आणि खाली रेघ मारली. नॉख ड्रिन. अजून आत. त्यांच्याकडची रीत अशी की एक आत गेला की एकाने दारापाशी उभं राहायचं. त्याने दुसरं काही करायचं नाही. चहा नाही, गप्पा नाहीत. थोड्या थोड्या वेळाने हाक मारायची, "नॉख ड्रिन?" आतल्याने हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचं, "नॉख ड्रिन." उत्तर आलं नाही तर वाट बघायची नाही. मी म्हणालो, आमच्याकडे चपला असतात. त्यांना कळलं नाही. मी माझ्या चपला काढून दाराखाली ठेवून दाखवल्या, जोडीने, तोंड बाहेरच्या बाजूला.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, अण्णा? साखर कारखान्याचा हंगाम संपला आहे, उन्हाळा आहे, रस उकळायच्या मोठ्या भांड्यांची सफाई चालू आहे. मी तुमची भाकरी घेऊन आलोय. तुम्ही एका भांड्याच्या आत आहात, आतून खरवडल्याचा आवाज येतोय, आणि दाराखाली तुमच्या चपला भर उन्हात तापल्यात. तुम्ही बाहेर आल्यावर पाय पोळतील म्हणून मी त्या उचलून पलीकडे सावलीत ठेवतो आणि शहाणपणा केल्यासारखा बसून राहतो. तुम्ही बाहेर आलात, खाली बघितलंत आणि आधी मला एक थोबाडीत दिलीत. "चपला हलवल्या कुनी? तू? आरं, चपला दारात हायेत म्हंजी मानूस आत हाय. त्या न्हाईत म्हंजी भांडं मोकळं, लावा झाकन, सोडा वाफ. शाळंत जातूस न्हवं? मंग येवढं वाचाया येत न्हाई?" मी रडलो नाही, सावलीतल्या चपला आणून पुन्हा दाराखाली ठेवल्या, जोडीने, तोंड बाहेर. त्यानंतरच्या बाजारी तुम्ही मला टायरच्या चपला घेतल्यात. तोवर मी अनवाणीच होतो. दुकानदारासमोर म्हणालात, "ह्या तुझ्या. ह्या संबाळ, माझ्या हलवू नगं." तुम्ही मला दिलेल्या वस्तूंपैकी ती एक मला पूर्ण आठवते, पट्ट्यावरचे खिळेसुद्धा.

आणि मग पुढच्याच उन्हाळ्यात मळीची टाकी. त्या दिवशी मी तिथे नव्हतो, कोणी काही हलवलं नव्हतं. तुमच्या चपला जागच्या जागी होत्या, जोडीने, तोंड बाहेर. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्या पाहिल्या होत्या. प्रत्येकाला माहीत होतं की तुम्ही आत आहात. कोणी झाकण लावलं नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर झालं आणि तरी आतल्या वासाने तुम्हाला खाली बसवलं आणि पुन्हा उठू दिलं नाही. तुमच्याबरोबर काम करणारे काका चपला हातात धरून आमच्या दारात आले. तुमच्या आधी तुमच्या चपला घरी आल्या. ते आईला एवढंच म्हणत होते, "आमाला वाटलं काम करत्यात. वहिनी, आमाला वाटलं आत काम करत्यात." मी त्यांना दोष देत नाही. आतून आवाज येत नाही म्हणजे माणूस मन लावून काम करतो आहे, असंच कोणालाही वाटेल.

साहेबांना हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. फादर, इनसाइड, नो साउंड. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या वाव् या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले की त्यांच्या देशात दक्षिणेकडे जाण्यालाही वाव्च म्हणतात, आत जाणं. त्यांचा थोरला भाऊ लढाईच्या काळात असा आत गेला. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी आपले बूट काढले आणि माझ्या चपलांच्या शेजारी जोडीने ठेवले. "टू," म्हणाले. "शूज अँड व्हॉइस. टू."

शुक्रवारी मी आत गेलो. आईच्या डोक्यावरचा माझा हात मला सबंध वेळ जाणवत होता, हे लिहून ठेवतो. दारातून आधी हात, मग डोकं, मग खांदे. आत सगळं पांढरं आहे. दुधाचा शिळा, गोडसर वास येतो आणि स्वतःचा श्वास दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकू येतो. हातातल्या दिव्याने भिंतीवर माझीच मोठी सावली पडत होती. मी ब्रश चालवायला लागलो. बाहेरून हाक आली, "नॉख ड्रिन?" मी म्हणालो, "नॉख ड्रिन." माझा आवाज चेंबरमध्ये फिरून माझ्याकडेच आला. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. भीती गेली नाही, पण ती दोन हाकांच्या मधल्या जागेत मावू लागली. मग कितव्यांदा तरी हाक आली आणि माझ्याकडून उत्तर गेलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारलीच नाही. दारात अंधार झाला आणि साहेब कमरेपर्यंत आत आले. बिनबुटाचे, आपल्या भाषेत काहीतरी ओरडत, जर्मन नाही, इंग्रजी नाही. माझा शर्ट धरून त्यांनी मला दाराकडे ओढलं. बाहेर उजेडात आल्यावर मी धड उभा आहे असं दिसलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात एक चापट मारली. मी म्हणालो, घशात भुकटी गेली. त्यांनी पाणी मागवलं, मला सगळं प्यायला लावलं आणि तोंड पुसून मला पुन्हा आत पाठवलं. "हिनाइन," म्हणाले. ते बाहेर उभे होते, म्हणून हिनाइन. तो शब्द त्या दिवशी मला पक्का कळला.

काल सुपरवायझरने विचारलं, जमेल का. साहेब मंगळवारी परत जाणार आहेत. मी म्हणालो, जमेल, पण दाराशी एक माणूस पाहिजे, नुसता हाक मारायला. तो हसला. "नुसतं वरडायला एक माणूस? पगार कोण देणार त्याला?" मी म्हणालो, मग जमणार नाही. असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही, त्यामुळे शब्द फार हळू आले आणि त्याने ते पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितलं. पर्मनंटचं काय होईल ते मला माहीत नाही, उद्या कळेल. पण शिफ्ट सुटल्यावर तो पारनेरचा ऑपरेटर सायकल घेऊन माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आला. म्हणाला, "चेंबर बंद आसतं तवा मी काय माशा मारीत आसतो? मी हुबा ऱ्हातो दाराशी. सांग तुज्या सुपरवायझरला, पगार वाढवायची गरज न्हाई. पन त्ये नॉख का फॉख आपल्याला जमनार न्हाई हां. मी आपलं म्हनीन, हाय का रं? तू म्हन, हाय." मी म्हणालो, चालेल. "चालंल म्हंजी काय, म्हनून दाखीव." त्याने रस्त्यातच सायकल थांबवली आणि मोठ्यांदा विचारलं, "हाय का रं?" लोक बघायला लागले. मी म्हणालो, "हाय."

आईला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही. हा कागद तर तिला देता येणार नाही. तुम्हाला पाठवायचा म्हटला तरी पत्त्याच्या जागी काय लिहू? पण तुमच्यापाशी एक सांगून टाकतो. शुक्रवारी माझ्या घशात भुकटी गेली नव्हती. हाक मला स्वच्छ ऐकू आली होती आणि उत्तर ओठांवर होतं. मी ओठ मिटून घेतले. मला बघायचं होतं, गप्प राहिलं तर कोणी येतं का. मी मनात एक, दोन, तीन म्हणायला लागलो होतो. पाचापर्यंतसुद्धा पोचलो नाही, अण्णा.